तिला मराठी येत नाही

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. पद्मिनीच्या आईला सांगायला हवं होतं. त्यांना तर नाहीच. दोन-तीनदा कागद पुढे घेतला, वर तारीख घातली आणि मग चेन्नईच्या उकाड्याबद्दल चार ओळी लिहून उठलो. आज तारीख घातलेली नाही. बघू.

पद्मिनी माझी बायको. सात वर्षं आम्ही एकत्र राहिलो, चेन्नईत नंगनल्लूरला, दोन खोल्यांच्या घरात. २००९ च्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या आजारपणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. त्यात माझा दोष नव्हता — आणि मला जे सांगायचंय ते दोषाबद्दल आहे.

मी नगरचा. नोकरीसाठी चेन्नईला आलो. एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचं काम होतं. पद्मिनी तंजावरच्या मराठी घरातली. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. वडील कारकुनी करून निवृत्त झालेले, घर चेन्नईतच, ट्रिप्लिकेनला. ती एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी, आणि घरात — देवापाशी, चुलीपाशी, भांडताना — मराठी. त्यांची मराठी.

ती कशी होती, हे कसं सांगू? आपण 'कुठे' म्हणतो, ती 'कोठें' म्हणायची. 'मी येते' म्हणताना शेवटी एक बारीक अनुस्वार लागायचा, आपल्याकडे आता फक्त जुन्या पोथ्यांत उरलाय तो. मध्येच एखादा तमिळ शब्द यायचा. प्रश्न विचारताना आवाज तमिळसारखा वर चढायचा. लग्न ठरल्यावर आम्ही एकदा समुद्रावर गेलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "आमची भाषा मी रस्त्यांत कधीं बोललें नाहीं. कोणाशीं बोलणार? आतां तुमच्याशीं बोलेन." आणि खरंच बोलली. परत येताना बसमध्ये उभं राहून, दांडीला धरून, सगळ्यांदेखत, मोठ्याने. तिला इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे जे आहे त्यावरून तुम्हाला वाटेल की मला ते कधीच आवडलं नव्हतं.

मग लाज कुठून आली?

लग्नाला दोन महिने झाले असतील. तिने ऑफिसात फोन केला आणि तो शेजारच्या टेबलावरच्या एका मराठी मुलाने उचलला. "ते आहेत काय? त्यांस सांगा, येतांना दूध आणावें," असं काहीतरी ती म्हणाली. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि ओरडला, "अरे ये, पेशव्यांच्या दरबारातून खलिता आलाय! दूध मागवलंय!" आमच्या रांगेत चार मराठी पोरं. सगळी हसली. मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस ते मला विचारायचे, "काय, पेशवीणबाईंचा हुकूम काय आज?" — आणि तंजावरचा नि पेशव्यांचा संबंध काय, एवढंसुद्धा मी त्यांना विचारलं नाही. सहा महिन्यांत तो मुलगा हैदराबादला गेला, बाकीचे इकडेतिकडे पांगले. हसू मात्र माझ्यापाशी राहिलं.

मी पुस्तकांतला माणूस. बोलायला बिचकतो, लिहायला नाही. आमचं एक छोटं मराठी मंडळ होतं. बहुतेक सगळे माझ्यासारखे, नोकरीपायी आलेले. त्याच्या वार्षिक अंकाची मुद्रितं मी तपासायचो. कुणाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की लोक म्हणायचे, "त्याला दाखवा, त्याचं मराठी एकदम शुद्ध." परक्या गावात तेवढाच मान होता मला. मोठा नव्हता. पण तो जपायला मी काय केलं, ते आता सांगतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. एग्मोरला एका शाळेचा हॉल मिळाला होता, रविवार दुपारचा. मी पद्मिनीला पहिल्यांदाच मंडळात नेणार होतो. तिथे बायका नवऱ्याचं नाव घेतात, उखाण्यात, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती चकित झाली. त्यांच्या घरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचंच नाही, अशी रीत. "सगळ्यांसमोर? मोठ्यानें?" तिने दोनदा विचारलं. मग आठवडाभर ती स्वयंपाकघरात पुटपुटत असायची. मी आत गेलो की गप्प. "तेथेंच ऐका," म्हणायची. तिने स्वतः रचला होता, तिच्या मराठीत. आईला फोन करून एक शब्दही विचारून घेतला होता.

तो आठवडाभर माझ्या मनात काय चाललं होतं, ते तिला माहीत नव्हतं. मला तो हॉल दिसत होता. ती उभी राहणार, तोंड उघडणार, आणि तीस बायका — त्या वाईट नव्हत्या, पण हसणार. मग मागे कॉफी पीत बसलेले पुरुष माझ्याकडे बघणार.

आम्ही पोचलो. ती चपला काढून बायकांत जाऊन बसली. देशमुखकाकू सगळ्यांत मोठ्या, त्याच सगळं बघायच्या. मी त्यांना जिन्यापाशी गाठलं. म्हणालो, "काकू, हिला नावबिव घ्यायला लावू नका. ती तमिळ आहे. तिला मराठी येत नाही."

बघा, किती छोटं वाक्य आहे.

"अगं बाई! आधी नाही का सांगायचं?" काकू म्हणाल्या. "मी आग्रह केला असता नि बिचारी रडकुंडीला आली असती. बरं झालं हो बोललास."

मी मागे जाऊन बसलो. बायका एकेक करून नाव घेत होत्या. एका नव्या नवरीने घेतलं, "इडलीचं पीठ फुगेना, डोशाला जाळी पडेना, संदीपरावांशिवाय माझं चेन्नईत पान हलेना!" हॉलभर हशा. पद्मिनीही हसली, टाळ्या वाजवल्या. मग तिची पाळी आली. तिने पदर सारखा केला, अर्धवट उठली. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातात वाण दिलं आणि प्रेमाने, मोठ्याने म्हणाल्या, "यू डोन्ट वरी हं. युवर हजबंड टोल्ड अस. नो मराठी, नो प्रॉब्लेम!"

पद्मिनीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या पेल्यात पाहिलं.

तेव्हा तिने काय करायला हवं होतं? एक वाक्य बोलली असती तरी मी तिथेच उघडा पडलो असतो. तिने काकूंना "थँक्यू" म्हटलं आणि बसून राहिली.

परतीच्या गाडीत मी कारणं जुळवून ठेवली होती. लोक हसले असते, तुलाच वाईट वाटलं असतं, वगैरे. खोटंच. मला माझं वाईट वाटणार होतं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तेथें आतां मला येत नाहीं, असेंच ना?"

"फक्त मंडळात," मी म्हणालो.

"बरें," ती म्हणाली.

इथे थांबलो असतो तर हा एका दुपारचा भित्रेपणा ठरला असता. माणसं करतात तसला. पण खोटं एकदा बोललं की ते कुणीतरी सांभाळावं लागतं — आणि माझं खोटं तिने सांभाळलं. पुढची सहा वर्षं. दर गणपतीला, दर कोजागरीला ती माझ्याबरोबर यायची, इंग्रजीत बोलायची, कुणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर, जरा उशिराने हसायची. तो उशीरसुद्धा तिने शिकून घेतला होता. मी तिला एकदाही म्हटलं नाही, की नको येऊस. एकदाही म्हटलं नाही, की आज सांगून टाकू.

आणि आपल्याला भाषा कळत नाही असं ज्याच्याबद्दल ठरलेलं असतं, त्याच्यादेखत माणसं काय काय बोलतात, याची तुम्हाला कल्पना आहे? मला नव्हती.

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या वर्षी पाचव्या महिन्यात आमचं मूल पोटातच गेलं. मंडळात कुणाला माहीत नव्हतं. महिन्या-दीड महिन्याने गणपती आले. आम्ही गेलो. जेवणाची पंगत बसली होती आणि मी मसालेभाताची बादली घेऊन वाढत होतो. पद्मिनीच्या मागून पुढे येत होतो, तेव्हा तिच्या शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

"चार वर्षं झाली की गं लग्नाला. अजून काही नाही?"

"यांना कुठली हौस! नोकऱ्या करायच्यात."

"सासूला काय वाटत असेल गं. एक तर परक्यातली केली, त्यात ओटी रिकामी."

"हळू बोल की."

"हळू कशाला? तिला कुठे कळतंय!"

त्यांच्याबद्दल माणूस म्हणून वाईट मत करून घेऊ नका. त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं, की तिला कळत नाही.

मी पद्मिनीसमोर येऊन उभा राहिलो. डाव भरलेला होता. ती पानाकडे बघत होती. तिला फक्त मान वर करून शुद्ध, अशुद्ध, कसल्याही मराठीत "पुरे" म्हणायचं होतं. दोघींची तोंडं बंद झाली असती. माझंही. तिने पानावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "पोदुम."

तमिळमध्ये. मला. माझ्यासाठी.

मी काय केलं सांगू? पुढे सरकलो. शेजारच्या बाईंना विचारलं, "भात?" त्या म्हणाल्या, "वाढ की. जरा काजू बघून वाढ, तुझ्या हाताला कंजूषपणा फार." मी काजू बघून वाढले.

त्या दिवशी घरी आलो. वाटलं, तीच काढेल विषय. ती परीक्षेचे पेपर तपासत बसली. मी बराच वेळ दारात उभा होतो. तिने वर न बघता, दिवा लावाल का, असं विचारलं — तमिळमध्येच. मी दिवा लावला. कुठल्या दिवसापासून घरातलंही बोलणं बदललं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी ती रागावली की मराठीत रागवायची. पुढे तमिळमध्ये रागवायला लागली, मग रागवेनाशी झाली. आम्ही सुखी दिसत होतो. पुष्कळ अंशी होतोही. ती मला ताप आला की रात्रंदिवस उशाशी बसायची, मी तिच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचो. सिरुसेरीच्या नव्या ऑफिसातून मला यायला उशीर व्हायचा, तरी ती जेवायची थांबायची. पण समुद्रावरून येताना बसमध्ये मोठ्याने बोलणारी ती बाई त्या घरात राहत नव्हती. तिला मीच घालवलं होतं, आणि मीच अंकाची मुद्रितं तपासत होतो.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मंडळाच्या बायका भेटायला आल्या. काकू पुढे, मागे चार-पाच जणी. सतरंजीवर बसल्या. पद्मिनीच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वडील आधीच गेलेले; आता मुलगीही नाही. आईंना इंग्रजी जेमतेम यायचं. काकूंनी त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "फार गुणी होती रे. आपली भाषा येत नव्हती बिचारीला, पण कधी कंटाळली नाही. सात वर्षांत दोन शब्द तरी शिकली असती, नाही?"

आईंनी मान वर केली. त्यांना प्रत्येक शब्द कळला होता — मुलीला बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वाट बघत.

आता मला कुणाचं भय होतं? कोण हसणार होतं?

"हो, काकू," मी म्हणालो. "राहूनच गेलं."

आईंनी माझ्यावरची नजर काढली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, बायकांकडे वळल्या आणि विचारलं, "तण्णी वेणुमा, अम्मा?" पाणी हवंय का.

"नो, नो, थँक्यू आंटी," काकू म्हणाल्या, आणि शेजारणीला हळूच, "कशा सावरल्यात बघ."

आई आत गेल्या.

त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. दर रविवारी मी ट्रिप्लिकेनला जायचो, औषधं द्यायचो, तासभर बसायचो. लग्नापासून त्या माझ्याशी मराठीत बोलत आल्या होत्या. त्या दिवसानंतर कधी बोलल्या नाहीत. सगळं तमिळमध्ये, सगळं मायेने. पद्मिनीने त्यांना आधी सांगितलं होतं, की त्यांना तिथेच बसल्या जागी कळलं, हे मी विचारलं नाही. मीही तमिळमध्ये उत्तरं द्यायचो. आता त्याही नाहीत.

माझ्या बायकोला मराठी येत होती. तिची ती मातृभाषा होती. तिला ती येत नाही, असं मी दोनदा सांगितलं — एकदा ती आत हॉलमध्ये बसलेली असताना, आणि एकदा तिची आई समोर ऐकत असताना.