प्राचार्यांच्या आवाजातली ‘सोळ’

कॉलेजात मी शिकायले कमी अन् लोकांचे आवाज काढायले जास्त जात होतो. प्राचार्य म्हंजे आपला खास आयटम. ते पुण्याकडचे. आधी घसा खाकरत, मंग “मुळात...” म्हणून सुरू होत. मी नुसतं “मुळात” म्हटलं की मागचे बाक पोट धरून हसत. म्हून शिपाई वर्गात येऊन “तुले केबिनमधी बोलावलं” म्हणला, तेव्हा त्याच बाकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्यांना सगळं माहीतच होतं.

केबिनमध्ये प्राचार्य, खेळाचे सर अन् आम्हाले मराठी शिकवणाऱ्या नव्या मॅडम. मॅडम साताऱ्याच्या, इथं चिखलीत खोली घेऊन एकट्या राहायच्या. मले खुर्ची देली. मॅडम कपाटाजवळ उभ्याच. तिथंच मले डाऊट आला, इथं काहीतरी उलटं चालू आहे.

खेळाच्या सरांनी मॅडमचा मोबाइल टेबलावर ठेवला. आदल्या संध्याकाळी त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आलता, तो रेकॉर्ड झालता. आता नंबर बंद. सरांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी खाकरणं. मंग, “मुळात मॅडम, तुम्ही एकट्या राहता. घरी या, तुमची सगळी सोळ करून देतो.” मागं कोणीतरी खिदळलं. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

“माझा आवाज!” प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. “मुळात माझा आवाज काढायची हिंमत कशी होते? माझी काय इज्जत राहिली?”

मॅडमच्या इज्जतीचं कोणीच विचारून नाही राह्यलं.

“सर, मी नाही केला फोन.”

“मंग कोण करन बे? तूच त कॉलेजचा रेडिओ,” खेळाचे सर म्हणाले. “काढ आवाज. इथंच.”

घ्या! चांगला काढला त चोर, वाईट काढला त मुद्दाम बिघडवला. अन् ज्याचा काढायचा तो माणूस समोर बसलेला. वाईट काढणं मात्र आपल्याच्यानं होत नाही. मी खाकरलो. “मुळात विद्यार्थ्यांनी शिस्त...”

“बंद कर!” प्राचार्यांचे कान लाल. “याचं नाव आजच कमी करा. वडलांना बोलवा. पोलीस वगैरे नको, कॉलेजचं नाव जाईल.”

बापाचं नाव निघालं तसा मी खुर्चीतून उठलो. तेवढ्यात मॅडमनं विचारलं, “सर, ते ‘सोळ’ म्हणजे काय? इकडचा घाण शब्द आहे का?”

मले हसू फुटलं. नेमकं तेव्हाच.

“हसतो काऊन बे?”

“सर, तो शब्दच नाही! मॅडम, आमच्या गावाकडं ळ चा य होते. डोळ्याले डोया म्हणतो, केळीले केयी. मंग एखादं पोरगं शुद्ध बोलायले गेलं की त्याले सगळ्याच ‘य’वर डाऊट येते. ‘सोय’ची त्यानं ‘सोळ’ केली. मुळात प्राचार्य सर...” निघूनच गेलं तोंडातून. “सर असं कधी बोलत नाहीत. मी त्यांची ‘सोय’ घोटून पाठ केली आहे.”

“सुटायसाठी व्याकरण सांगून राह्यला,” खेळाचे सर म्हणाले.

मॅडमनं मोबाइल कानाले लावून परत ऐकलं. “हा नसावा,” त्या म्हणाल्या. “पण सर, आवाज तुमचा असला तरी फोन मला आलाय. तक्रार माझी आहे. ती तक्रार समितीकडे जाईल आणि नंबर पोलिसांकडे. एकेक पोरगं धरून आवाज काढायला लावणं बंद करा.” अन् स्वतःच खुर्ची ओढून बसल्या.

प्राचार्य खाकरले. पण पुढं ‘मुळात’ काही आलं नाही.

माझं नाव राहिलं. व्हरांड्यात मी मॅडमले गाठलं. “मॅडम, तुम्हाले पटलं ना?”

“डोक्याला पटलं,” त्या म्हणाल्या. “कानाला नाही. तुझा आवाज ऐकला की अजून दचकायला होतं.”



तेव्हापासून मी कॅन्टीनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडाकडं कान लावून बसायचो. कोणी ‘सोळ’ म्हणते का पाहायचो. कोणी नीट ‘सोय’ म्हटलं, तरी वाटायचं, हा बरा सांभाळून बोलून राह्यला! कोणाशी धड गप्पाच होईनात.

मॅडमच्या तासाले मात्र पहिल्या बाकावर बसलो. हजेरीत माझा नंबर आला.

“हजर, मॅडम.”

त्यांचा पेन थांबला. “परत म्हण.”

“हजर,” मी म्हटलं. माझ्याच आवाजात, जेवढा होता तेवढा.