एकतीस पुसलेल्या काचा

कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. एकतीस काचांचे मी मोठ्या निष्ठेने फोटो काढले, मग पात्याने आणि ओल्या फडक्याने एकेक काच लख्ख केली आणि जेवायला गेलो. परत आल्यावर कळलं, फोटो कुठेच नाहीत. शाळेत फळा पुसायचं काम माझ्याकडे असायचं; मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते उगाच नाही.

आमच्या वेधशाळेच्या तळघरात शंभर वर्षांचं आकाश आहे, काचेवर उतरवलेलं. पांढऱ्या आकाशात काळे ठिपके, तेच तारे. जुन्या लोकांनी काचेच्या पाठीवर शाईने काही ताऱ्यांभोवती गोल केले, अक्षरं टाकली आणि वहीत लिहिलं, 'आज क हा ख पेक्षा मंद.' स्कॅन करायला शाई पुसावी लागते, म्हणून आधी तिचा फोटो काढायचा. आता वह्या शाबूत होत्या, पण क कोण आणि ख कोण ते मी पुसून मोकळा झालो होतो.

भोगलं काकांनी. काका म्हणजे तळघराचे कारकून, रखवालदार आणि काचांचे डॉक्टर. बावीस वर्षं त्या बिनखिडकीच्या खोलीत. ओल धरू नये म्हणून यंत्र चालू, यंत्र चालू म्हणून माणूस हजर, आणि माणूस म्हणजे काका. काकू दुसऱ्या गावी नर्स. अकरा वर्षं दोघांचा संसार एका शनिवाराआड चालला होता. अखेर काकूंच्या गावातल्या आमच्या शाखेत काकांची बदली मंजूर झाली. अट एवढीच, की सगळ्या काचा धड अवस्थेत माझ्या ताब्यात द्यायच्या.

"काय शास्त्रज्ञ," काका एकतीस काचांकडे बघत म्हणाले, "आकाश अगदी निरभ्र केलंत."

"मी मॅडमना सांगतो, चूक माझी आहे."

"सांगा की. त्याने शाई परत येणार का?"

सांगितलं. आमच्या विभागप्रमुख मॅडम नेमक्या त्याच काचांची वाट बघत होत्या. त्यांचा एक तारा काही दशकांनी महिनोन्महिने मंदावतो. त्याच्यापुढून धुळीची चकती जात असावी, किंवा कडी असलेला एखादा ग्रह. पूर्वी कधी मंदावला ते सापडलं, तर पुढचा मुहूर्त सांगता येईल. बदली थांबवलेली नाही, जरा पुढे ढकललीय, असं त्या म्हणाल्या.

काका कामाला लागले. काच दिव्यासमोर तिरकी धरली की शाईचा पुसट डाग त्यांना दिसायचा. मी धरली की माझंच तोंड दिसायचं. शंका आली की ते त्याच आकाशाची दुसरी काच काढून अक्षरं ताडून बघत. सात आठवडे गेले. गावी जाणंही बंद. काकूंचा फोन स्पीकरवर असे, कारण काकांचे दोन्ही हात काचेला.

"ताऱ्यांना म्हणावं, इकडे बायकोही मंदावत चाललीय."

"दोनच काचा राहिल्यात गं."

तेवढ्यात हातातल्या एकोणतिसाव्या काचेवर ते थबकले. "इकडे या हो शास्त्रज्ञ. मॅडमचा हा ठिपका बारीक झालाय." वहीत तेच निघालं. मग आधी करून ठेवलेल्या बाराव्या काचेवरही. मधे त्रेचाळीस वर्षं. मॅडम धावत खाली आल्या आणि तळघरातल्या एकुलत्या स्टुलावर बसून दोन्ही काचा आळीपाळीने बघू लागल्या.

आठवड्याभरात पत्र आलं. उरलेल्या सगळ्या पेट्यांमधल्या काचांचं काम मंजूर. अनुभवी कर्मचाऱ्याची गरज लक्षात घेता बदली तीन वर्षं स्थगित.

"तुमच्याशिवाय हे कुणाला जमलंच नसतं," मॅडम मनापासून म्हणाल्या.

"हो ना," काका म्हणाले. "तिथेच चुकलं माझं."

मी म्हटलं, मी शिकतो. मॅडमनी माझ्या हातात एक काच दिली, अर्धा तास वाट बघितली आणि हळूच काढून घेतली.

काकूंना काकांनी फोनवर "तीन वर्षं" एवढंच सांगितलं. काकूंनी विचारलं, "येत्या शनिवारी तरी?" मी मधेच ओरडलो, "येतायत काकू, खाली मी बसतो." काकांनी बॅग भरून कपाटाशी ठेवली. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, उद्या परिषदेत हे स्कॅन दाखवायचेत, तूच चल. शनिवारी सकाळी नवा शर्ट घालून मी तळघरात गेलो, तर काकांनी माझ्याकडे वर-खाली बघितलं.

"जा. एक शनिवार उधार."

याला चार महिने झाले. बॅग अजून तिथेच आहे. शनिवार मी अजून दिलेला नाही.