शनिवार सांगायचा राहिला

आमच्या शुलामिथने पॅकिंगमधली नोकरी सोडून कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं, तेव्हा मी तिला सरळ वेडी म्हटलं होतं. वय चौतीस, लग्न नाही, घरात दम्याने बेजार झालेला बाप आणि गाव इस्रायलच्या वाळवंटातलं येरुहाम. आमचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी धावत येऊन ती बापाला, बेंजामिनकाकांना, औषध देऊन जायची. हे काम सुटलं तर रोज बसने बेरशेबा गाठायचं, म्हणजे म्हातारा दिवसभर एकटा. ते तिला शक्यच नव्हतं.

पण आमच्या मॅनेजरने, दोवने, तिला शब्द दिला होता. सगळी यंत्रं नव्या शेडमध्ये हलवायची होती. कोणतं काम आधी, कोणतं मागाहून, कोण कोणासाठी थांबणार, हे नव्या कॉम्प्युटरने सांगावं अशी त्याची हौस. शुलामिथने तो प्रोग्राम लिहून दाखवला, तर कॉम्प्युटरवरची जागा तिची. नाही जमलं तर घरी. पॅकिंगमधल्या तिच्या टेबलावर दुसरी बाई कधीच येऊन बसली होती.

ब्याऐंशीचा तो अख्खा हिवाळा ती संध्याकाळच्या वर्गाला बेरशेबाला गेली आणि काकांपाशी मी बसले. परत आली की थंडीने काकडलेली असायची, पण तोंड बंद नाही.

"हे जमलं ना मिली, तर पुढे मोठा प्रोग्राम करणार. बिल्डिंग बांधा, रस्ता बांधा, कोणाचंही काम त्यात घाला. लग्नसुद्धा! मेंदी कधी, मलिदा कधी, सगळं मशीन सांगणार."

"आधी तुझं घाल," मी म्हणायचे. ती हसायची. तेव्हा अजून हसत होती.

मग तो शुक्रवार आला. तिच्या प्रोग्रामने छापलेला लांबलचक कागद दोवने सगळ्यांसमोर वाचायला घेतला. क्रेन वीस तारखेला, असं म्हणून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि थांबला. वीसला शनिवार होता, म्हणजे शबात, आम्हा यहुद्यांचा कामबंदीचा दिवस. पुढे सत्तावीसलाही काम, तोही शनिवार. पोरीने एकही शनिवार सोडला नव्हता.

"काय गं," दोव हसत म्हणाला, "इंडियात तुम्ही शबात पाळत नव्हता?"

सगळे हसले. दोव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मी त्याला चार शिव्या देऊन मोकळी तरी झाले असते. पण ज्या लोकांना कोकणात अख्खा गाव शनिवार तेली म्हणायचा, त्यांच्या पोरीला हे विचारावं? काका चौलला बापाच्या घाण्यावर वाढलेले. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी. इथे आल्यावर आमच्या यहुदीपणावर शंका निघाली, तेव्हा हेच काका यरुशलेमला जाऊन रस्त्यावर धरणं धरून बसले होते.

चूक कशी झाली ते मला कळतं. शनिवारी काम नाही, हे आमच्या घरांत कोणी कोणाला कधी सांगितलंच नव्हतं. श्वास घे म्हणून कोण सांगतं? तिने मशीनला सगळं शिकवलं. रंग वाळल्याशिवाय यंत्र आणायचं नाही, यंत्र बसल्याशिवाय वीज जोडायची नाही. शनिवार तेवढा सांगायचा राहिला.

दोवने तिच्या हातात किल्ली ठेवली. एरवी मशीनवर हिशेबवाले बसलेले असायचे. "उद्या अंधार पडेपर्यंत ते नाहीत, दिवसभर मशीन तुझं," तो म्हणाला. "रविवारी सकाळी मोठे साहेब येतायत. तोवर दुरुस्त कर."

मशीनला शनिवार पाळायला शिकवायचं, तर तिने तो मोडायचा.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. काकांनी काळ्या मनुकांच्या सरबतावर शबात सुरू करायची प्रार्थना, किद्दूश, म्हटली, पेला खाली ठेवला आणि कपाटावरच्या किल्लीकडे बोट दाखवलं. शुलामिथने सगळं सांगितलं. सांगताना रडली.

काकांनी धाप आवरली. मग म्हणाले, "जा पोरी तू उद्या."

"बाबा!"

"माझ्या बापाचा घाणा शनिवारी बंद असायचा खरा. पण आयतवारी जुंपायला त्याच्याकडे घाणा होता. तुझ्याकडे काय हाय?"

"मी गेले तर दोव बोलला ते खरं होईल."

"आणि नाय गेलीस तर?"

मला तर तिला हाताला धरून कारखान्यात नेऊन बसवावंसं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा रागही येत होता.

ती गेली नाही. शनिवारी दिवसभर खिडकीशी बसून होती, जेवलीही नाही. रविवारी उजाडता उजाडता फाटकावर पोचली, तर हिशेबवाले शनिवारी रात्रीपासूनच मशीनवर बसलेले. तिने हातापाया पडून अर्धा तास मागितला. मिळाला नाही. मग शनिवार गाळायच्या ओळी कागदावर लिहून तिने दोवला दिल्या. साहेबांना मात्र जुनाच कागद दिसला. ती जागा बेरशेबाच्या कुणा एरनला मिळाली.

दोन आठवड्यांनी यंत्रं हलवायचा नवा कागद पॅकिंगच्या भिंतीवर लागला. मी त्याची एक प्रत मागून घेतली आणि तिच्याकडे नेली. ती तारखांवरून बोट फिरवत गेली. एकोणीस, मग एकदम एकवीस. पुढे सव्वीस, अठ्ठावीस.

"माझ्याच ओळी घातल्यात," ती म्हणाली. "चालतायत बघ." क्षणभर तिचा चेहरा हिवाळ्यातल्यासारखा उजळला.

आतून काकांच्या खोकल्याचा आवाज आला. तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मिली, पॅकिंगमध्ये एखादी जागा आहे का गं?"

नव्हती. तिलाही ते माहीत होतं.