शेवटच्या पत्रापुढचं पान

आधीच सांगते, मी मायक्रोबायोलॉजीची आहे. चिंचवडला सहा वर्षं लॅबमध्ये काम केलंय. प्लेटवर जंतूंची कॉलनी दिसली तर आहे, नाही दिसली तर नाही — एवढाच माझा देवधर्म. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि, राग मानू नका, पण बऱ्याचदा मनातल्या मनात हसते. म्हणूनच हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. आता कोणी मला हसलं तर माझी काही तक्रार नाही.

नवऱ्याच्या, निखिलच्या, नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये आलो. युट्रेख्टला घर मिळालं. तो सकाळी सायकल काढून ऑफिसला, मी घरी. इथल्या लॅबमध्ये अर्ज केले की एकच उत्तर यायचं — डच भाषा हवी. लायब्ररीत चौकशी केली तेव्हा त्यांनी मला एक ‘टालमाट्ये’ जोडून दिली. म्हणजे आठवड्यातून एकदा आपल्याशी डचमध्ये गप्पा मारणारी व्यक्ती, फुकट, हौसेने.

माझी टालमाट्ये होती हानेके. वय शहाऐंशी. निवृत्त शाळामास्तरीण, एकटी राहायची, आमच्यापासून सायकलने दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, “मला हानेके म्हणायचं, आणि अगं-तुगं करायचं.” माझ्या आजीच्या वयाच्या बाईला मी काय अगं-तुगं करणार! वर्षभर मी ‘तुम्ही’वरच अडून राहिले. त्यामुळे इथून पुढे त्या ‘त्या’च.

हानेकेंच्या जेवणाच्या टेबलामागे स्पेनचा मोठा नकाशा लावलेला होता. मला वाटलं, फिरायला जात असतील. तर नाही. त्यांचे वडील स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेले होते. एन्स्खेडेच्या कापड गिरणीतला विणकर, चोवीस वर्षांचा. कोणी पाठवलं नव्हतं, पगार नव्हता. तिथलं लोकांनी निवडलेलं सरकार लष्करातलेच लोक उलथवायला निघालेत, म्हणून हा परक्या देशात बंदूक घ्यायला गेला. बायको गरोदर आहे हे निघताना त्याला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

मी डच भूतकाळ शिकले तो या युद्धातून, असं म्हटलं तरी चालेल. हानेके नकाशावर बोट ठेवायच्या आणि मी वाक्य करायचं. माद्रिद टिकलं. तेरुएल बर्फात जिंकलं... आणि महिन्या-दीड महिन्यात परत गमावलं. मग शत्रू समुद्रापर्यंत पोचला आणि सरकारच्या ताब्यातल्या मुलखाचे दोन तुकडे झाले. ते पुन्हा जोडायचे म्हणून एकोणीसशे अडतीसच्या जुलैमध्ये एब्रो नदी ओलांडली — शेवटचा मोठा डाव. तो फसला आणि युद्ध तिथेच हरल्यात जमा झालं.

वडील त्या एब्रोवरच संपले. त्यांची अकरा पत्रं हानेकेंकडे होती, फाइलमध्ये, प्रत्येक पत्र प्लॅस्टिकच्या वेगळ्या कव्हरात. अकरावं नदीकाठी लिहिलेलं, एका पानाचं. ते एका सोबत्याने युद्धानंतर आणून दिलं. त्याने एवढंच सांगितलं, की होडीत बसताना पाहिलं होतं, पुढचं माहीत नाही.

“मी त्याच वर्षी जूनमध्ये जन्मले,” हानेके मला म्हणाल्या होत्या. “आईने लगेच पत्र टाकलं. उत्तर आलंच नाही. या शेवटच्या पत्रातही माझ्याबद्दल शब्द नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, त्याला कळलं होतं, पण त्याला त्याचं युद्ध प्यारं होतं. मी लग्न केलं, पोरांना शिकवलं, म्हातारी झाले... पण एवढंच कळायला हवं होतं गं. मी आहे हे त्याला माहीत होतं का?”

मी अकरावं पत्र परत फाइलमध्ये लावलं.

तर तो बुधवार. दुपारचे अडीच वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन, खालच्या अंगणात कोणीतरी सायकलला हवा भरत होतं, पंपाचा आवाज येत होता. हे मुद्दाम सांगते, कारण अंधार, वारा, मांजर असं काहीसुद्धा नव्हतं. उच्चार सुधारावेत म्हणून मी मोठ्याने पत्रं वाचायचे आणि फोनवर रेकॉर्ड करायचे, घरी ऐकून चुका काढायला. त्या दिवशी अकराव्याची पाळी होती.

मी नेहमीसारखी अडखळत वाचत होते. शेवटची ओळ होती, “उद्या नदी, आणि नदीपलीकडे बघू.” मी कव्हर उलटलं. मागे अजून एक पान होतं. शिसपेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर आधीपेक्षा मोठं, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या. मला एवढंच वाटलं, की अरे, हे पान तर त्यांनी कधी दाखवलं नाही. आणि मी वाचत गेले. पावलं गार पडली होती, गुडघ्यांपर्यंत, हे आठवतंय. बाकी काहीच वेगळं वाटलं नाही.

पान संपलं आणि मी मान वर केली.

हानेके खुर्चीची कड घट्ट धरून बसल्या होत्या. ओठ पांढरे. हळूच म्हणाल्या, “पुढे वाच.”

“पुढे नाहीये. इथेच संपलं.”

“कुठे संपलं?”

मी हातातलं कव्हर त्यांना दाखवायला पुढे केलं... आणि मागची बाजू कोरी होती. नुसता पिवळट कागद. डागसुद्धा नाही.

रेकॉर्डिंग होतं. आम्ही दोघींनी ते तिथेच ऐकलं. आवाज माझाच. शेवटच्या ओळीपर्यंत अडखळणारी मी, मग कव्हर उलटल्याची सळसळ, आणि मग तोच आवाज धडाधड, न थांबता, एन्स्खेडेकडच्या हेलात. “माझी आई असं बोलायची,” हानेके म्हणाल्या.

त्यात जे होतं ते मराठीत साधारण असं (मारी म्हणजे हानेकेंची आई) —

“कागद संपला, मारी. आता नुसतं बोलतो. नदी ओलांडली. आता डोंगरावर आहोत. खणायला माती नाही, सगळा दगड. दगड रचायचे आणि त्यामागे पडून राहायचं. पाणी खेचरावरून येतं, तेही रोज नाही. आज खेचराबरोबर टपाल आलं. मुलगी! आणि डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली, म्हणतेस. घाबरू नकोस, माझ्या आईची तशीच होती, ती त्याच पायांनी जन्मभर गिरणीत उभी राहिली. मी सगळ्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं. पलीकडच्यांनाही ऐकू गेलं असेल. हे म्हणतायत, खाली वाक. खाली वाक, खाली वाक म्हणतायत...”

तिथेच थांबलं होतं.

 हानेकेंनी वाकून डाव्या पायाचा बूट काढला, मग मोजा. दुसरं आणि तिसरं बोट नखापर्यंत जुळलेली होती. वर्षभरात मी त्यांना कधी अनवाणी पाहिलं नव्हतं. इथे म्हातारी माणसं घरातही बूट घालून बसतात, त्या तर नेहमीच.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. शपथ.”

“माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तो जाऊन नऊ वर्षं झाली.” “ओरडून सांगितलं म्हणे,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि मग रडल्या.

घरी निखिलला ऐकवलं. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, प्रत्येक गोष्टीत बग शोधायची सवय. त्याने तीनदा ऐकलं.

“मृणाल, ही तू आहेस?”

“मीच.”

“मग तू पाय कधीतरी पाहिले असशील. त्यांची बोली कानावर पडली असेल. मेंदू साठवून ठेवतो गं सगळं.”

“आणि ‘खेचर’साठीचा तो डच शब्द? त्याचा अर्थ मी आत्ता, तुझ्यासमोर, डिक्शनरीत बघितला. त्याचं काय?”

 त्याने रेकॉर्डिंगची फाइल तपासली, तिच्यातही त्याला काही सापडलं नाही.

यापुढचं सांगायला जड जातं. हानेकेंना आता पुढचं हवं होतं. दर बुधवारी त्या अकरावं पत्र माझ्या हातात द्यायच्या. मी वाचायचे, कव्हर उलटायचे... कोरं. त्या “असू दे” म्हणायच्या, पण चेहरा उतरायचा. मला बुधवारची धास्ती वाटायला लागली. दोनदा मी तब्येतीचं खोटं कारण सांगून गेलेच नाही. त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या वसंतात त्या गंभीर आजारी पडल्या आणि त्यांना हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांत सांभाळतात तिथे, हलवलं; जाताना फाइल त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली होती. निरोप आला, की मृणालला बोलवा, फाइल घेऊन. निघताना निखिल म्हणाला, “हे बघ, आता तुला डच येतं. चार चांगली वाक्यं जोड की पुढे. त्रास झाला नाही, तुझी आठवण काढत होतो, असं काहीतरी. कोणाचं काय बिघडतं?”

ट्राममध्ये बसून मी खरंच वाक्यं जुळवली. पाठही केली.

हॉस्पिसची खोली चांगली उजेडाची होती. हानेके डोळे मिटून पडल्या होत्या, मला ओळखलं. मी पलंगाशेजारी बसून अकरावं पत्र वाचलं, सावकाश. “उद्या नदी, आणि नदीपलीकडे बघू.” कव्हर उलटलं. कोरं. ती पाठ केलेली वाक्यं जिभेवर होती, पण त्या माणसाच्या तोंडी माझे शब्द घालायला माझी जीभ उचलेना. मी गप्प बसले. आता माफी मागावी म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

त्या ऐकत होत्या.

दुसरा शब्दच नाही. मान किंचित माझ्याकडे वळवलेली, कपाळावर आठी, एखादा शब्द निसटू नये म्हणून असते तशी. मध्येच मान हलली. मध्येच ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. एकदा त्या पुटपुटल्या, “नाही बाबा, त्याचं काही नाही.” समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सहा मिनिटं. सहा मिनिटं मी श्वासाचा आवाजसुद्धा येऊ दिला नाही. मी कोऱ्या कागदाकडे बघत होते आणि माझी पावलं गार पडत चालली होती.

मग त्यांनी डोळे उघडले. माझा हात हातात घेतला.

“किती छान वाचलंस आज,” हानेके म्हणाल्या. “एकदाही अडखळली नाहीस.”

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

त्यांनी काय ऐकलं ते मी विचारलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही. कोणी म्हणेल औषधांचा परिणाम. असेल. पहिल्या वेळचं तरी रेकॉर्डिंग आहे, दुसऱ्या वेळचं काहीच नाही, फोन पर्समध्ये होता. लॅबमध्ये असा निकाल आला असता तर मी प्रयोगच रद्द धरला असता. इथे काय रद्द धरायचं, मला कळत नाही. त्या सहा मिनिटांत माझं तोंड मिटलेलं होतं, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.