हा पाय झाकणार न्हाई

लातूरला शिकवण्यांच्या भागात पोरींची एक मेस आहे, वर त्यांच्या राहायच्या खोल्या. तिथं मी पोळ्या लाटते. गाव माझं पार किनवटकडं. शाळा सातवीत सुटली. अजूनही शिकलेलं माणूस बोलायला लागलं की वाटतं, आता आपलं काय चुकलं.

उजवा पाय सुजायला लागला तेव्हा आईनं घोट्याला काळा दोरा बांधला होता. सूज वाढली, दोरा मांसात रुतला. तरी काढला नाही. काढला अन् पाय आणखी भरला तर? शेवटी इथला सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. आईनंतर त्या पायाला हात लावणारं ते पहिलं माणूस. त्यांनी "दोरा कापू का?" विचारलं. मी डोळे मिटून मान हलवली.

हत्तीरोग निघाला. डास चावला की बारीक जंत अंगात शिरतात. "अन् त्या जंताच्या आत त्याहून बारीक जिवाणू राहतात," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावाचून जंत जगत नाही, त्याला पिलंही होत नाहीत. ही गोळी त्या जिवाणूंना मारते. मग जंत आपोआप खंगतो."

"म्हणजे मालकाला हात न लावता त्याची स्वयंपाकीणच काढून घ्यायची?"

बाई हसल्या. "हाव, तसंच."

दीड महिना गोळ्या. रोज साबणानं पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बसताना पाय उंचावर ठेवायचा. सूज सगळी जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गोळ्या निम्म्यावर आल्या तेव्हा मेस चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "मावशी, उद्या पोरींचे आईबाप येणार हायेत. तुम्ही मागं भांड्यापाशी बसा. पाय दिसला तर पोरी दुसरी मेस धरतील."

"मग पोळ्या कोण लाटंल?"

"बघू. न्हाईतर महिनाभर गावाकडं जाऊन या."

महिनाभर म्हणजे कायमचं, हे मला कळलं. अन् उपचार तर इथं. डोक्यात एकच घोळत होतं, स्वयंपाकीण गेल्यावर जंतसुद्धा टिकत नाही, मग मेस कशी टिकंल?

दुसऱ्या दिवशी मी तव्यापाशीच बसले. पाय समोर पाटावर ठेवला, उघडा. एका मुलीचे वडील दारातच थबकले. "हे पोरींना लागायचं न्हाई ना?"

लाटता लाटता पोळी फाटली. पण बोलले. "हे डासानं होतं भाऊ, पोळीनं न्हाई. पोरीच्या खोलीला जाळी हाय का, ते बघा आधी."

ते काकूंकडं वळले. "हाय का जाळी?"

जाळी नव्हती. काकू माझ्याकडं बघून राहिल्या. मी पाय आत ओढला नाही, फाटलेली पोळी पुन्हा लाटायला घेतली.

सकाळी कणकेची परात माझ्याच जागेवर ठेवलेली होती. पोरींच्या खोलीच्या खिडकीला जाळी ठोकायला माणूस आला होता. पायाखालचा पाट मी माझा आणून ठेवला.