कागद आपसूक विरजत नाही

ऑर्वल स्टिडमचा ट्रक पेट्रोल पंपाच्या अलीकडेच, पुलापाशी थांबायचा. ऑर्वल खाली उतरायचा आणि रस्ता ओलांडून नदीकडं तोंड करून उभा राहायचा. त्याची बायको वनेटा सरकून स्टिअरिंगपाशी बसायची, ट्रक पंपाला लावायची, नळी धरून टाकी भरायची आणि पुढच्या वळणावर थांबून हॉर्न द्यायची. मग हा गडी खिशात हात घालून निवांत चालत जायचा आणि वर चढायचा. पाऊस असो नाहीतर बर्फ, या रिवाजात खंड नाही.

पंपासमोरच्या बाकावर बसणारी मंडळी काही मुकी नव्हती.

"ऑर्वल, ट्रकला बायको पाजती. तुला कोण पाजतं रं?"

"तीच पाजती," ऑर्वल म्हणायचा. "म्हणून तर तुमच्यावानी वाळलो न्हाय."

मी होबर्ट, त्याचा शेजारी. त्याचं आणि माझं तंबाखूचं रान एकाच कुंपणाला लागून. केंटकीच्या आमच्या या डोंगरात शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं ते वासावरून कळतं, पण शेजाऱ्याच्या पोटात काय आहे ते कोणी विचारत नाही. विचारलं तर कुत्रं सोडतात.

ऑर्वल गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मासे तळायचा. कॅटफिश मक्याच्या पिठात घोळवायचा, तिखटाचा हात जरा सैल सोडायचा, सोबत मक्याचे वडे आणि कोबीची कोशिंबीर. लांबलांबची माणसं गाड्या काढून खायला यायची. पण ज्याच्या हातचं खायला यायची, तो हॉलचा सभासद नव्हता. तो मागच्या दारानं यायचा आणि कढया घासून मागच्याच दारानं जायचा. का, ते जुन्या माणसांना ठाऊक होतं आणि नव्यांना कोणी सांगत नव्हतं.

अकरा नोव्हेंबरला, माजी सैनिकांच्या दिवशी, हॉलमध्ये मोठं जेवण असतं. ताटं वाढण्याआधी बाजा लागतो. प्रत्येक दलाचं आपापलं गाणं आहे. ज्या दलाचं वाजेल त्यातल्या माणसांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मी आरमारात होतो. आरमारात म्हणजे जहाजाच्या पोटात बसून बटाटे सोलले. समुद्र पाहिला तो गोल खिडकीतून, तोही ओकारी आली तेव्हा. तरी आमचं गाणं लागलं की मी पोट आत ओढून ताठ उभा. आणि लष्कराचं गाणं लागलं की नेमका त्याच वेळी ऑर्वल स्वयंपाकघरात कढईत नवा घाणा सोडायचा. आधी नाही, नंतर नाही. तेलाचा असा चर्र आवाज उठायचा की त्यात सगळा बाजा बुडून जावा.

एकदा मी मदतीला आत होतो. म्हटलं, "गाणं तरी सरू दे की, मग सोड."

"तेल थांबत न्हाय," तो म्हणाला.

त्याची हकिगत अशी. विशीत तो व्हिएतनामला गेला. तिथं त्याच्याकडं पेट्रोलचा टँकर होता. घाटाच्या रस्त्यानं वर्षभर टँकर हाकला आणि जिवंत परत आला. नोकरीचे थोडे महिने उरले होते, ते इकडच्या एका छावणीत काढायचे होते. तिथं त्याला लावलं गाड्यांत पेट्रोल भरायला. तिथून तो पळाला. धरून आणला, पुन्हा पळाला. पळून कुठं दूर गेला म्हणावं तर तेही नाही. दर खेपेला आईच्या परसात सापडायचा, मका खुरपताना. शेवटी त्याच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. लष्करी कोर्टापुढं उभा राहा, नाहीतर या कागदावर सही कर आणि घरी जा. कागदावर बाकी मजकूर पुष्कळ होता, पण त्यातला एक शब्द तेवढा त्याला कळला. 'नकोसा.' सैन्याला हा माणूस नकोसा झाला आहे.

सही घेणारा कारकून याच्याच वयाचा. ऑर्वलनं त्याला विचारलं, "ह्यो शब्द जल्मभर ऱ्हाणार का?"

"छ्या. सहा महिने. सहा महिन्यांनी आपसूक चांगला होतो. वरती नोंद बदलते."

ही थाप त्या काळी छावण्यांमधून हिंडायची आणि सांगणारालाही ती खरी वाटायची. ऑर्वलनं सही केली. घरी येऊन कागद बायबलमध्ये दाबून ठेवला, अंडी उबायला ठेवावीत तसा. सहा महिने सरल्यावर दाढी केली, लग्नातला टाय बांधला आणि हॉलच्या पुढच्या दारानं आत गेला. सभासद व्हायचं म्हणून कागद टेबलावर ठेवला.

तेव्हा हॉलचा प्रमुख होता व्हर्जिल नेपियर. थोरल्या लढाईतला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माणूस, बोलायला थोडका. त्यानं चष्मा खाली ओढला.

"यावर तर नकोसा लिवलंय."

"ते जुनं हाय. वरती बदललं असंल आता. सहा महिनं झालं."

व्हर्जिलनं कागद उलटून मागची बाजू बघितली. मग म्हणाला, "पोरा, कागद म्हंजे काय दूध हाय व्हय? ठेवलं आन् विरजलं?"

हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट झालं. ऑर्वलनं कागद उचलला, टाय सोडून खिशात घातला आणि बाहेर पडला. त्यानंतर त्या पुढच्या दारानं तो कधी आत आला नाही. काही दिवसांनी हॉलचा आचारी पाय मोडून घरी बसला. तेव्हा व्हर्जिलनं निरोप धाडला, "मासं तळायला कागद लागत न्हाय. मागलं दार उघडं हाय." तेव्हापासून जे चाललं ते ऑर्वल म्हातारा होईपर्यंत चाललं. व्हर्जिल गेला, त्याच्या मागून चार प्रमुख झाले. कढई तीच राहिली.

मग आमच्या गावातल्या सरकारी कचेरीत ट्रेसी गॅबर्ड आली. माजी सैनिकांचे अर्ज भरून देणं हे तिचं काम. स्वतः इराकमध्ये ट्रकांची इंजिनं दुरुस्त करून आलेली, नखांत अजून काळं. पहिल्याच वर्षी अकरा नोव्हेंबरला ती वडे मागायला स्वयंपाकघरात शिरली. बाहेर लष्कराचं गाणं सुरू झालं, तिनं हातातली थाळी खाली ठेवली आणि जागच्या जागी ताठ उभी राहिली. इकडं ऑर्वलनं घाणा सोडला. गाणं संपल्यावर ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "ऑर्वल काका, तेल तर कवाचं तापलं होतं. तुम्ही गाण्यासाठी थांबला होता."

"वडं घे आन् जा."

"कुठल्या तुकडीत होता?"

ऑर्वल कढईकडं वळला. मी मदतीला तिथंच होतो, उत्तर मी दिलं. जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता मलाच पिठात घोळवतो.

ट्रेसी म्हणाली, "माझा मामा पण हेच सांगायचा, सहा महिन्यांनी आपसूक होतं म्हणून. वाट बघत मेला. काका, दूधसुद्धा विरजण लावल्याबिगर नीट लागत न्हाय. अर्ज करावा लागतो. उद्या घरी येते."

"आलीस तर अक्रोड फोडावं लागतील," ऑर्वल म्हणाला. आमच्याकडं याला होकारच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवर आम्ही चौघं होतो. वनेटा दगडावर अक्रोड ठेवून हातोडीनं फोडत होती, मी गर काढत होतो. ट्रेसीनं समजावून सांगितलं. असे कागद तपासायला वर एक मंडळ आहे, त्यांच्या मनाला पटलं तर तो शब्द बदलतात. पण का पळालात ते लिहावं लागेल.

"दवाखान्याचा फायदा होईल, काका. गुडघ्याचं बघतील."

"गुडघं हायती तसं हायती. त्यो शब्द जातो का तेवढं सांग."

"जाईल का ते मी सांगू शकत न्हाय. तुम्ही बोलला न्हाय तर जाणार न्हाय, एवढं सांगते."

"पळालो ते पळालो. त्यात लिवायचं काय?"

ऑर्वल कुंपणाकडं बघत बसला. मग वनेटाच बोलली, हातोडी न थांबवता. "लिही, पोरी. लगीन झाल्यापास्नं ह्या माणसानं एकदाबी ट्रकात पेट्रोल भरलं न्हाय. मी भरते. त्यो नदीकडं तोंड करून हुबा ऱ्हातो. रातचं आडवा झोपत न्हाय, खुर्चीत बसून डुलकी काढतो. मी कधी इचारलं न्हाय. आता लिही."

मग ऑर्वलनं एक अक्रोड उचलला, हातात फिरवला.

"तिकडं घाटात म्होरल्या टँकरवर डॉयल व्हता," तो म्हणाला. "त्याची गाडी सकाळी मीच भरली व्हती. त्याला जास्तीची झोप मिळावी म्हणून. काठोकाठ भरली. ती पेटली तवा इझायला दुपार झाली."

वनेटाची हातोडी थांबली. इतका संसार झाला, पण डॉयल हे नाव तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग पुढचा अक्रोड दगडावर ठेवला.

"छावणीत परत तीच नळी हातात दिली," ऑर्वल म्हणाला. "बास. एवढंच हाय."

ट्रेसीनं एवढंच लिहिलं. वर म्हणाली, साक्षीदार पाहिजेत, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय असे. साक्षीदारांना काय तोटा होता? पंपासमोरचा सगळा बाक होता. ती जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. ज्यांनी उभा जन्म ऑर्वलची टिंगल केली, त्यांनीच लिहून दिलं की होय, हा माणूस पंपाजवळ येत नाही, पुलावरच उतरतो, आम्ही रोज बघतो. डेन्व्हर कूट्स नावाच्या म्हाताऱ्यानं आधी लिहिलं, 'आम्हाला वाटायचं आळशी आहे.' ट्रेसी म्हणाली, खोडा. तो म्हणाला, खरं तेच लिहितोय. शेवटी त्यानं खाली आणखी एक ओळ घातली, 'आता तसं वाटत नाही,' आणि दोन्ही ओळी तशाच गेल्या.

पुढं उत्तराची वाट. तंबाखू लावली, तोडली, कोठारात टांगली, विकली, तरी उत्तर नाही. पुन्हा लावली. ऑर्वल त्यावर अवाक्षर काढत नव्हता, पण टपालाच्या पेटीकडं जायचं त्यानं सोडून दिलं. कोंबड्या त्या बाजूला गेल्या तरी वनेटाला म्हणायचा, तूच हाकल.

उत्तर आलं तेव्हा तो परसात मासे साफ करत होता. कोपरापर्यंत हात आतड्यांत. मी बादल्या धूत होतो. वनेटा पायरीवर उभी राहिली, पाकीट फोडलं आणि वाचायला लागली. तिला वाचायला वेळ लागतो, तोंडातल्या तोंडात पुटपुटत वाचते. ऑर्वलनं सुरी थांबवली नाही, पण मासा कधीच साफ झाला होता. नुसता पाट खरवडत होता.

"सन्मानानं," वनेटा म्हणाली.

"नीट वाच."

"नीटच वाचलं. नकोसा काढला. सन्मानानं सेवेतून मोकळा, असं लिवलंय. नवा कागदबी जोडलाय."

"होबर्ट, तू वाच."

मी वाचलं. तसंच होतं. ऑर्वलनं सुरी पाण्यात टाकली, उपडी बादली ओढून तिच्यावर बसला आणि एवढा मोठा श्वास सोडला की मांजर दचकून कुंपणावर चढलं. मग म्हणाला, "सहा महिनं म्हणाला व्हता त्यो कारकून. जरा येळ लागला."

वनेटा पदरात तोंड घालून हसावं तशी एप्रनमध्ये तोंड घालून हसली. हसली का रडली, ते तिचं तिला माहीत.

त्या दुपारी ती घाईघाईनं माझ्या कुंपणापाशी आली, गाय व्यायल्याचं सांगायला यावं तशी. "झोपलाय," म्हणाली. "आडवा. घोरतोय." आम्ही दोघांनी खिडकीतून बघितलं. खरंच घोरत होता. तोंड उघडं, मोजे पायातच.

म्हणून सगळंच पालटलं असं समजू नका. पेट्रोल आजही वनेटाच भरते आणि तो पुलावरच उतरतो. बाकावरचे आता त्याला एवढंच विचारतात, नदीला पाणी किती आहे. खुर्चीतही तो अधूनमधून बसतोच.

त्या वर्षी अकरा नोव्हेंबरला ट्रेसी त्याला म्हणाली, "काका, यंदा पुढच्या दारानं यायचं."

"मासं मागल्या दारानं येत्यात. मी त्यास्नी एकटं सोडू व्हय?"

आला मागच्याच दारानं. पण सदरा इस्त्रीचा होता आणि टाय होता, त्यावरून एप्रन. हॉल भरलेला. बाजा लागला. आमचं आरमाराचं झालं, मी उभा राहून बसलो आणि हळूच स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. लष्कराच्या गाण्याचे पहिले सूर निघाले आणि ऑर्वलच्या हातानं, सवयीनंच, घाणा तेलात गेला. चर्र झालं.

तो कढईकडं बघत उभा. मी त्याच्याकडं बघत उभा. बाहेर पहिल्या टेबलावर ट्रेसी उभी होती, पण मान वळवून दाराकडं बघत होती. हळूहळू सगळा हॉलच दाराकडं बघायला लागला.

"होबर्ट," ऑर्वल म्हणाला, "तेलाकडं ध्यान ठेव."

झारा माझ्या हातात दिला आणि तो बाहेर जाऊन दारापुढं उभा राहिला. फार ताठ नाही, गुडघे तेवढं ऐकत नाहीत. पिठाचे हात अंगाला सरळ लावलेले, त्यानं काळ्या पँटवर दोन पांढरे पंजे उठले. गाणं पूर्ण वाजलं. टाळ्या झाल्या. तो तसाच उभा राहिला, पुढच्या दलाचं गाणं सुरू झालं तरी. शेवटी ट्रेसीनं खूण केली तेव्हा वळला.

मी तेलाकडं ध्यान ठेवलं नव्हतं. कसं ठेवणार? आख्खा घाणा कोळसा. ऑर्वलनं कढईत बघितलं, मग माझ्याकडं.

"आरमारवाला," एवढंच म्हणाला.

टाकायचं आमच्या रक्तात नाही. करपलेले तुकडे तसेच वाढले गेले. व्हर्जिलची म्हातारी विधवा लर्लीन दारापाशीच बसली होती. तिनं काट्यानं मासा टोचला, उलटा केला.

"ऑर्वल, मासा काळा झालाय."

"व्हय, मावशी."

तिनं तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चघळला.

"असू दे," म्हणाली. "आणखी एक वाढ."