एक चौकोन वाकडा

भिवंडीचा पोरगा चित्रकला शिकायला गेला, एवढं वाचलं की पुढची गोष्ट तुमच्या डोक्यात तयार असणार. बापाने ब्रश मोडले, आईने डाळीच्या डब्यात लपवून रंग दिले, मागे लूम खटखट करतायत, आणि शेवटी पोराला मेडल. सॉरी. मला ठाण्याच्या आर्ट कॉलेजात पप्पांनीच नेऊन सोडलं, तेही ड्युटीवर हाफ डे टाकून. ब्रश त्यांनीच निवडले, दुकानात एकेक गालावर फिरवून बघत. दुकानदार बोलला, काका, हा दाढीचा नाही. पप्पा बोलले, माहितेय, पण टोचतोय का ते बघू दे. आणि लूमच्या आवाजाचं म्हणाल तर आम्ही भिवंडीतल्या टेमघरचे, आम्हाला तो लाईट गेल्यावरच कळतो.

पप्पांची अट मात्र एक होती. पहिलं वर्ष संपताना एकही विषय राहिला नाही पाहिजे. राहिला तर जूनपासून कशेळीच्या गोदामात, जिथे ते सुपरवायझर आहेत, दिवसभर खोक्यांवर स्कॅनर मारायचा. धमकी वगैरे नव्हती. आमटी वाढ म्हणावं तसं शांतपणे बोलले आणि पुढचा घास घेतला. पप्पा असं शांत बोलतात तेव्हा ते करतातच.

पहिल्या सहामाहीत माझा एक विषय राहिला. कंपोझिशन.

कंपोझिशन म्हणजे चित्र काढायचं नाही, नुसतं मांडायचं. काळ्या कागदाचे गोल, चौकोन, त्रिकोण कापायचे आणि पांढऱ्या शीटवर असे ठेवायचे की बघणाऱ्याचा डोळा आपण नेऊ तिकडे जाईल. मला वाटलेलं, ह्यात नापास व्हायला पण टॅलेंट लागेल. ते निघालं माझ्याकडे. जिथे पांढरं दिसलं तिथे मी काहीतरी चिकटवत गेलो. कागद विकत आणलाय, रिकामा कशाला सोडायचा?

आमचे सर बारीक अंगाचे, हळू आवाजाचे. माझ्या शीटसमोर हनुवटी हातात धरून उभे राहिले आणि बोलले, "हे कंपोझिशन नाही. घर बदलताना भरलेला टेम्पो आहे हा. ह्यात डोळ्याला उभं राहायला जागा कुठेय?"

सगळा वर्ग हसला. मी पण हसलो, आणि कॅन्टीनमध्ये जाऊन लगेच सरांची नक्कल केली. मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. हनुवटी धरायची, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "डोळा... कुठे जातोय... बघा... डोळा..." मी मिसळपावच्या प्लेटसमोर तसा उभा राहिलो तर प्लेट देणाऱ्याने स्वतःच खाली वाकून बघितलं, काय पडलंय म्हणून. पण गंमत अशी झाली की नक्कल करता करता तो प्रश्न मलाच चिकटला. खरंच, डोळा कुठे जातो? आणि तिकडेच का जातो?

मग मी जिकडेतिकडे तेच बघत सुटलो. कशेळीच्या नाक्यावर गाड्या तुंबल्या की आमची बस अर्धा तास उभी. शेजारी पन्नास ट्रेलर एका रांगेत, कोणी मान वर करत नाही. एक ट्रेलर आडवा अडकला की अख्खी बस खिडकीला. टोमॅटोवाला एवढा छान ढीग लावतो, पण गिऱ्हाईकाचा हात जातो बाजूला ठेवलेल्या एकट्या टोमॅटोकडे. घरी मी मांडणीतल्या स्टीलच्या ताटांपैकी एक उलटं लावून ठेवलं आणि कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलो. पप्पा आले, गेले, दोनदा पाणी प्याले, पत्ता नाही. आई बाहेरून आली, चप्पल काढतानाच बोलली, "ताट कोनी उलटा ठेवला रं?" अजून दिवापण लावला नव्हता.

आई कापड तपासते. लूमवरून उतरलेलं कापड, म्हणजे ताका, एका तिरप्या काचेच्या टेबलावरून ओढायचा. काचेखाली ट्यूबलाईट. कुठे धागा तुटलाय, गाठ आलीय, बुट्टी, म्हणजे विणलेला ठिपका, चुकलीय ते पकडायचं, चिमट्याने काढायचं, सुईने भरायचं. कापड परत सारखं झालं पाहिजे, इतकं सारखं की खोट होती हे कोणाला कळू नये. पंधरा वर्षं ती हेच करतेय. तिच्या हातून गेलेला ताका अजूनपर्यंत परत आलेला नाही, आणि हे ती आठवड्यातून एकदा तरी सांगते.

एक दिवस ती चष्मा घरी विसरून गेली. मी घेऊन गेलो तेव्हा दुपार झालेली, आणि सकाळपासूनचा माल तिने बिनचष्म्याचाच तपासलेला. समोर तिची जोडीदार खाला कापड ओढत होती. बारीक बुट्टीचं कापड, सगळीकडे सारखे ठिपके. मी बघत होतो तर मला फक्त पांढरं पाणी वाहतंय असं वाटत होतं. आईचा हात मध्येच पडायचा, कापड थांबायचं, आणि तिथे एक ठिपका केसभर सरकलेला असायचा.

"तुला दिसतंय कसं?" मी विचारलं. "चष्मा तर माझ्या हातात आहे."

"बघायचा न्हाय," आई बोलली. "बघत बसलास तर काय दिसनार न्हाय. कापडाला जाऊ द्यायचा. जिथं खोट हाय तिथं डोला आपोआप अडकतो."

मी हनुवटी धरून सरांच्या आवाजात बोललो, "डोळा... कुठे जातोय..."

"ये क्या रे, किस बुड्ढे की नक़ल करता है?" खालाने विचारलं.

"हमारे सर हैं."

"बीमार हैं क्या?"

पण माझ्या डोक्यात दिवा लागला होता. सर वर्षभर जे सांगत होते ते आईच्या टेबलावर रोज चालू होतं. सगळं सारखं असलं की डोळा वाहत जातो. एक गोष्ट चुकली की थांबतो. म्हणजे मला काहीच भरायचं नव्हतं. मला फक्त एक खोट पाहिजे होती.

फायनलला विषय तोच आला: एकच आकार वापरून केंद्रबिंदू दाखवा. म्हणजे तीच जागा, जिथे डोळा थांबला पाहिजे. हा पास झाला तर दुसरं वर्ष, नाही तर स्कॅनर. मी काळ्या कागदाचे नव्वद चौकोन कापले, सगळे एका मापाचे. रांगा लावल्या, बुट्टीसारख्या, मध्ये सारखं अंतर सोडून. तीन दिवस लागले. एक जागा मात्र मोकळी ठेवली, उजवीकडे, मध्याच्या जरा वर. ती कुठे हवी हे ठरवायला मी सुटा चौकोन हातात घेऊन, डोळे बारीक करून, कागदावर इकडून तिकडे सरकवत बसायचो. अगदी मध्ये ठेवला की मेलेला वाटायचा. फार कोपऱ्यात नेला की रांगेतून हाकलल्यासारखा. उजवीकडे, वरच्या अंगाला, थोडा वाकडा करून ठेवला की पूर्ण शीट त्याच्याभोवती श्वास घ्यायची. जमा करायच्या दिवशी सकाळी मी तो शेवटचा चौकोन गोंद लावून ठेवला, वाकडा, आणि आंघोळीला गेलो. नळाचं पाणी जायची वेळ झाली होती.

बाहेर आलो तर आई शीटवर इस्त्री फिरवत होती. मध्ये पातळ कापड घातलेलं, सगळं व्यवस्थित.

"काय करतेस?"

"एक तेढा बसला होता तुझा," आई बोलली. "गोंद ओला होता म्हनून वाचलास. सरलावला. आता जनमभर न्हाय निघनार."

मी बघितलं. नव्वद चौकोन. एकसारखे. कुठे हात लावून सरळ केलाय हे मलाही सांगता आलं नसतं. तिने आपलं काम इतकं चोख केलं होतं की माझी खोट कुठे होती तेच दिसत नव्हतं.

मी काय बोललो ते आठवत नाही. आवाज चढला असणार, कारण आई गप्प झाली, आणि आई गप्प होणं म्हणजे नंतरसाठी ठेवणं. अकराला शीट जमा करायची होती. परत नव्वद चौकोन कापायला तीन दिवस नव्हते. शीट गुंडाळून पळालो.

बसमध्ये मांडीवर शीट पसरून मी रांगा मोजल्या. वरून चौथी, उजवीकडून तिसरा. नखाने कोपरा उचलला, तो उचलला गेला. वाटलं, निघतोय. सावकाश ओढायला लागलो आणि बसने ब्रेक मारला. अर्धा चौकोन माझ्या हातात आला, आणि त्याच्यासोबत शीटची वरची साल. खाली केसाळ, मळकट पांढरा फाटलेला भाग, आणि उरलेला अर्धा काळा त्रिकोणासारखा लटकलेला. शेजारचे काका मोबाईलवर बोलत होते, ते बोलायचे थांबले आणि तिथेच बघत राहिले.

वर्गात सगळ्यांच्या शीट भिंतीला लावल्या. सर एकेकासमोर थांबत आले. माझ्यासमोर आले, हनुवटी धरली.

"डोळा कुठे जातोय?" त्यांनी वर्गाला विचारलं.

सगळ्यांनी फाटलेल्या जागेकडे बोट केलं.

"हे कसं झालं?" आता प्रश्न मला होता.

घाबरलो की मी नक्कल करतो, हा माझा रोग आहे. मी आईच्या आवाजात सुरू झालो. इस्त्री, "एक तेढा बसला होता तुझा", "जनमभर न्हाय निघनार", सगळं, हाताच्या हालचालींसकट. बसमध्ये मी फाडलं ते सांगायचं तेवढं राहून गेलं. वर्ग लोळायला लागला. सर हसले नाहीत. ते परत शीटकडे वळले, आणि मग जवळ जाऊन फाटलेल्या कडेला बोट न लावता, ते हवेतच तिच्यावरून फिरवून बघितलं.

"तू वाकडा ठेवला होतास तो शोभेला होता," ते बोलले. "हा खरा निसटलाय. बाकीचे नव्वद आता त्याला धरून ठेवायला बघतायत." मग स्वतःलाच सुधारत, "एकोणनव्वद. पास. पण हे तू केलेलं नाहीस, हे लक्षात ठेव. पुढच्या वेळी स्वतः करून दाखव. आणि कापड कसं तपासतात ते मला कधीतरी बघायला आवडेल."

घरी आल्यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण पास झालेला माणूस गप्प कसा बसणार? आई भाकऱ्या थापत होती, पप्पा नुकतेच ड्युटीवरून आलेले. मी शीट उघडून भिंतीला टेकवली आणि पूर्ण किस्सा सांगितला, सरांच्या आवाजात सर, माझ्या आवाजात मी, आणि वर्गात केलेली आईची नक्कल पण परत एकदा, आईसमोरच.

पप्पा बोलले, "म्हणजे पास ना?"

"तुमी गप बसा," आई बोलली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि तिथूनच शीटकडे बघितलं.

"हा फाटलेला असाच नेऊन दिलास?"

"अगं, त्याच्यामुळेच तर पास केलं."

"मी इस्त्री करून, सरल लावून दिलेला तू फाडलास. बरं, फाटला. मग मांगं फिरायचा होता. बसमधून उतरून घरी आला असतास तर मी बसले असते ना तुझ्यासोबत कापायला, मी आनि खाला दोघी. दुपारपावेतो नव्वदचे दोनशे करून दिले असते. त्या मास्तरला सांगायचा, थांबा. माल खराब झाला तर सेठपन थांबतो. पन न्हाय, फाटका माल भिंतीवर टांगला. आनि वर चालीस पोरांत सांगून आलास, माझ्या आयनं केला. आता त्या मास्तराला काय वाटला असंल, ही बाई अशी कामं करते? पंधरा वर्सांत एक ताका परत न्हाय आला माझा, आनि तू माझ्या नावानं फाटका तुकडा लावून आलास. आवाज काढतोस ना माझा? मग हा पन काढ. उद्या जायचा आनि सगल्यांसमोर सांगायचा, सरलावलेला आयनं, फाडलेला मी. हसतोस काय? जेवन तवाच मिलंल. आदी तो कागद उतरव भिंतीवरून, मला तिथं बघवत न्हाय."